पिल्लू पिसाळलेले नाही, लहान आहे

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात सर्दी-खोकला आणि जुलाबाच्या रुग्णांबरोबर आणखी एक प्रकार हमखास वाढतो. तो म्हणजे मांजराच्या पिल्लाने ओरबाडलेल्या किंवा चावलेल्या मुलांचा. उन्हाळ्यात व्यायलेल्या मांजरींची पिले या सुमारास दुकानाच्या फळीखाली, जिन्याखाली, बंद पडलेल्या रिक्षात सापडतात. भिजलेले पिल्लू पाहून मुलांचे मन द्रवते आणि ते दप्तरातून घरी येते. आई नको म्हणते, आजी बशीत दूध घालते, आणि आठवडाभरात पिल्लू घरचे होऊन जाते. यात वाईट काहीच नाही. मात्र या पाहुण्याविषयी थोडी माहिती घरातल्या मोठ्यांना असली पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर दोन बारीक छिद्रे होती आणि बोट सुजले होते. पिल्लू चावून चार दिवस झाले होते. सकाळी वेणी घालताना आजीच्या ते लक्षात आले.

"चार दिवस का नाही सांगितलंस गं?" मी विचारले.

ती खाली मान घालून म्हणाली, "सांगितलं असतं तर बाबांनी त्याला सोडून दिलं असतं."

बाबांनी ते आदल्या रात्रीच सोडून दिले होते, आणि तेही वेगळ्याच कारणाने. "डॉक्टरसाहेब, ते पिसाळलंच होतं," ते सांगू लागले. "अंग फुगवून तिरकं तिरकं चालायचं. संध्याकाळ झाली की एकदम पळत सुटायचं, भिंतीवर आपटायचं. झोपेत पाय झाडायचं. शेवटी पोत्यात घालून मंडईमागं सोडून आलो."

त्यांनी सांगितलेले एकही लक्षण पिसाळण्याचे नव्हते. दीड-दोन महिन्यांचे निरोगी पिल्लू असेच वागते. परंतु बोटावरचा चावा खरा होता, रक्त आलेले होते, आणि ते पिल्लू निरोगी आहे की नाही हे दहा दिवसांत जे आपल्याला सांगू शकले असते, ते पिल्लूच आता हाताशी नव्हते. मुलीला लस सुरू केली आणि चाव्याच्या जागी सीरम टोचण्यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवले. बोटात सीरम टोचणे फार दुखते. ती रडली, पण सगळे डोस तिने नीट पूर्ण केले आणि आज ती ठणठणीत आहे.

त्या घरात दोन चुका एकाच वेळी झाल्या होत्या. पिल्लाच्या साध्या खेळाला रोग समजले गेले आणि खरा चावा चार दिवस झाकून राहिला. शिवाय दुसरी चूक पहिलीच्या भीतीतून झाली होती. म्हणून आज औषधांऐवजी पिल्लाच्या वागण्याविषयीच लिहितो आहे. मी माणसांचा डॉक्टर. यातले काही मला माझ्या पशुवैद्य मित्राने शिकवले आहे आणि बरेचसे आमच्याच घरात वाढलेल्या मांजरांनी.

आधी पाहा, ते खरोखर पोरके आहे का?

मांजर आपली पिले सात घरी फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर हे खरे आहे. जागा असुरक्षित वाटली, माणसांची ये-जा वाढली, पाणी शिरले, की मांजरी एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते. या हलवाहलवीत एखादे पिल्लू काही वेळ एकटे दिसते. ते स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत असेल तर आई जवळपास आहे असे समजावे आणि दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. आपण शेजारीच उभे राहिलो तर ती येणार नाही. पिल्लू गार पडले असेल, सतत ओरडत असेल, मळलेले, किडके असेल किंवा भर रस्त्यात असेल, तर मात्र उचलावे. उचलताना जाड टॉवेल वापरावा. पिलाचा हेतू वाईट नसतो, पण ते घाबरलेले असते.

वय ओळखणे अवघड नाही. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कान उभे राहतात आणि पुढचे दात हिरडीतून डोकावू लागतात. सर्व पिलांचे डोळे आधी निळसर असतात. दीड-दोन महिन्यांच्या सुमारास खरा रंग येऊ लागतो. निळे डोळे पिवळट होऊ लागले म्हणून कावीळ झाली का, असे मला एका आजोबांनी विचारले होते. त्यात काळजीचे काही नाही.

तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू असेल तर ते स्वतःचे अंग गरम ठेवू शकत नाही. दूध पाजण्याआधी त्याला ऊब द्यावी. गार पडलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पाजताना तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, पोटावर पालथे ठेवून पाजावे. या वयात त्याला शी-शू आपण होऊन होत नाही. आई चाटते तेव्हाच होते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हळूच पुसावे. गाईचे दूध बहुतेक पिलांना सोसत नाही, जुलाब लागतात. मांजराच्या पिलांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती पशुवैद्याला विचारून आणावी.

महिन्याच्या पुढे मऊ शिजवलेले चिकन, काटे काढलेली मासळी, उकडलेले अंडे कुस्करून देता येते. आपल्याकडे दूध-पोळीवर मांजर वाढवण्याची पद्धत आहे. तिने पोट भरते, पण पोषण होत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळते आणि ते दीर्घकाळ कमी पडले तर नजर व हृदय दोन्ही बिघडतात. शाकाहारी घरात पिल्लू ठेवायचे असेल तर मांजरांसाठीचे पाकिटातले तयार अन्न आणावे. त्याला आपल्या पंगतीला बसवण्याचा आग्रह धरू नये.

पहिले दोन दिवस कपाटाखाली

रस्त्यावरून आणलेले पिल्लू घरात आल्यावर कपाटाखाली जाऊन बसते, हात घातला की फिस्कारते, थुंकल्यासारखा आवाज करते. हे भय आहे, रोग नाही. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागलेले पिल्लू सहज माणसाळते. त्यापुढे सापडलेल्याला जास्त वेळ लागतो, काही वेळा महिनेसुद्धा. त्याला ओढून बाहेर काढू नये. एका शांत खोलीत खोके, पाणी, खाणे आणि वाळूचे घमेले ठेवून द्यावे व आपण जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचावे. डोळ्याला डोळा भिडवून पाहिले की त्याला ती धमकी वाटते. डोळे सावकाश मिटून उघडले की ते निवळते. माझा यावर आधी विश्वास नव्हता. करून पाहा.

एकदा धीर आला की पुढची नाटके सुरू होतात. मांडीवर बसून पुढच्या पायांनी आलटून पालटून दाबणे, अगदी कणीक मळल्यासारखे, आणि सोबत साडीचा पदर किंवा गोधडीचे टोक चोखणे. आईच्या सडातून दूध यावे म्हणून पिल्लू जे करते तेच हे. लवकर तुटलेली पिले ते जास्त करतात. दोरा गिळत नाही ना, एवढेच पाहावे. पोटातून येणारी घरघर समाधानाची असते. मात्र आजारी, दुखावलेले मांजरही कधी कधी घरघरते. तेव्हा घरघर चालू आहे म्हणजे सर्व ठीक, असे धरून चालू नये.

आता त्या गृहस्थांनी सांगितलेल्या लक्षणांकडे येऊ. पाठीची कमान करून, शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुलवून तिरके उड्या मारत येणे हा लुटुपुटीच्या लढाईचा पवित्रा आहे. आडवे उभे राहिले की आपण मोठे दिसतो, हे पिलाला जन्मजात ठाऊक असते. आरशातल्या स्वतःला, झाडूला, तुमच्या पावलाला ते असेच सामोरे जाते आणि पुढच्याच क्षणी बसून पंजा चाटू लागते. हा क्षणात होणारा बदल महत्त्वाचा आहे. खेळ थांबतो, आजार थांबत नाही.

तिन्हीसांजेला आणि पहाटे अचानक घरभर धावत सुटणे हेही तसेच. मांजराची जात उंदीर-पाखरांच्या शिकारीवर जगलेली आणि त्या शिकारीची वेळ उजेड-अंधाराच्या संधीची. दिवसाचे सोळा-अठरा तास झोपून साठवलेली शक्ती त्या वेळी बाहेर पडते. झोपेआधी अर्धा तास चिंधीच्या बोळ्याशी खेळवून मग खायला घातले तर पहाटेचा धिंगाणा बराच कमी होतो.

झोपेत पंजे, मिशा, शेपूट फडफडते, कधी बारीक आवाजही निघतो. याला लोक फिट समजतात. हलकेच हाक मारली की झोपेतले पिल्लू डोळे उघडून नेहमीसारखे पाहते. फिटमध्ये तसे होत नाही, अंग ताठते, लाळ येते, शू होते आणि नंतरही ते काही वेळ भ्रमिष्ट असते. खिडकीबाहेर चिमणी किंवा भिंतीवर पाल दिसली की दात वाजवल्यासारखा कटकट आवाज काढणे, चप्पल हुंगून तोंड अर्धवट उघडे ठेवून वेड्यासारखे बघत राहणे, हेही ठीक. दुसऱ्यात ते वास टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे नेत असते. साडेतीन ते सहा महिन्यांत दुधाचे सव्वीस दात पडून कायमचे तीस येतात. तेव्हा चपला, वायरी, सगळे चावले जाते. फरशीवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नये. चालू बटणाच्या वायरी मात्र उचलून ठेवाव्यात.

हात हे खेळणे नव्हे

आता चावण्याविषयी. पिल्लू दबा धरते, झेपावते, पुढच्या पायांनी मिठी मारते, मागच्या पायांनी लाथा झाडते आणि दात रोवते. हा शिकारीचा सराव होय. भावंडांबरोबर वाढणारे पिल्लू फार जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ मोडते. त्यातून किती जोरात चावायचे हे ते शिकते. एकट्या सापडलेल्या पिलाला हे शिकवणारे कोणी नसते. त्यात आपण सुरुवातीला बोटे नाचवून त्याला खेळवतो आणि ते मोठे होऊन जोरात चावू लागले की "डाफरतंय, अंगावर येतंय" म्हणून मारतो. मारल्याने ते हाताला भिते आणि अधिक चावते. चावले की हात हिसकावू नये, कारण पळणारी वस्तू पकडायची हाच तर त्याचा खेळ. हात सैल सोडावा, खेळ थांबवावा, उठून जावे. खेळण्यासाठी काठीला बांधलेली चिंधी किंवा कागदाचा बोळा द्यावा. सुतळी, लोकर, पतंगाचा मांजा यांच्याशी एकटे खेळू देऊ नये. गिळलेला दोरा आतडे गोळा करतो आणि त्यात पिल्लू दगावते.

चावले तर

येथवर वाचून वाचकांना वाटेल की डॉक्टर म्हणतात सगळे नॉर्मल आहे, मग चाव्याचे काय एवढे! तसे नाही. पिल्लू खेळात चावले, रागाने चावले की भीतीने, याने जखमेच्या उपचारात फरक पडत नाही. रस्त्यावरून आलेल्या, लस न टोचलेल्या मांजराचे दात कातडीत शिरले असतील तर रेबीजचा विचार करावाच लागतो. "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज" हा युक्तिवाद मी वरचेवर ऐकतो. त्याच्या आईला किंवा त्याला एखादे पिसाळलेले कुत्रे चावले होते का, हे आपल्याला कुठे माहीत असते? रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की जवळपास शंभर टक्के मृत्यू, आणि लक्षणांआधी योग्य उपचार झाले तर जवळपास शंभर टक्के बचाव. मांजर आडवे गेले म्हणून थांबणारी माणसे मी अजून पाहतो. मांजर चावले म्हणून थांबून हात धुणारी कमी दिसतात.

धुणे हाच पहिला उपचार. वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावे. मग पोव्हिडोन आयोडीन असल्यास लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, रॉकेल काहीही नको. घट्ट पट्टी नको. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओरखडा असून रक्त आले नसेल तर लस पुरते. दात शिरून रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही टोचावे लागते. लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असे पाच डोस, किंवा अनेक सरकारी रुग्णालयांत कातडीत देतात त्या पद्धतीने 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी दोन्ही दंडांवर. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही आजी-आजोबांच्या मनातली भीती आता काढून टाकावी. त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात 2004 च्या अखेरीस थांबले. चार दिवस उशीर झाला म्हणून आता काय उपयोग, असेही म्हणू नये. उशिरा आलेल्यालाही लस द्यायचीच असते. धनुर्वाताचे इंजेक्शनही डॉक्टर पाहतील.

चावलेले पिल्लू हाकलून देऊ नये, मारू तर नयेच. त्याला घरातच वेगळ्या खोलीत ठेवून दहा दिवस पाहावे. कुत्रा आणि मांजर यांच्या बाबतीत हा नियम आहे: चावताना लाळेत विषाणू असेल तर ते प्राणी दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. दहा दिवस ते खात-पीत, खेळत राहिले तर उरलेले डोस थांबवता येतील का, हे डॉक्टर ठरवतील. लस मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायची, दहा दिवस वाट पाहत बसायचे नाही.

खरी काळजीची लक्षणे वेगळी असतात. जबडा लोंबणे, सतत लाळ, आवाज बदलणे, मागचे पाय लुळे पडणे, काहीही कारण नसताना अंगावर येणे आणि न सोडणे, अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेरच न येणे. असे दिसले तर हात न लावता दार बंद करून पशुवैद्याला बोलवावे. दिवसभर काहीच न खाणे, उलट्या-जुलाब, तोंड उघडून धाप लागणे, चिकटलेले डोळे, पांढुरक्या हिरड्या हीही आजाराची चिन्हे, ती बहुधा जंत, पिसवा किंवा मांजरांच्या साथीच्या रोगाची असतात. छोटे पिल्लू एका दिवसात खचते, तेव्हा उद्यावर टाकू नये.

मांजराचे दात सुईसारखे असल्याने चावा वरून लहान दिसतो आणि आत खोल जातो. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, ठणकते झाले तर प्रतिजैविक लागते. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी मुलाच्या काखेत गाठ आली, बारीक ताप राहिला, तर डॉक्टरांना मांजराची गोष्ट आवर्जून सांगावी. पिसवांवाटे पिलांत पसरणाऱ्या एका जंतूमुळे असे होते आणि ही माहिती मिळाली तर नको त्या तपासण्या वाचतात. अंगावर गोल, कडेने लाल चट्टा उठला तर तो नायटा समजावा. घरात पिल्लू आणि मूल दोघांवर उपचार करावे लागतात.

सून गरोदर आहे, पिल्लू ठेवावे का, हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो, पण बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनीच तो लागण करण्याजोगा होतो. म्हणून घमेले रोज साफ करावे आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. कच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही हा जंतू येतो, हे विसरू नये. घरात कोणाला दमा असेल आणि पिल्लू आल्यापासून धाप वाढली असेल, तर ती अॅलर्जी पोटात गेलेल्या केसांची नसून मांजराच्या लाळेतल्या व कातडीतल्या प्रथिनाची असते. अशा घरात पिल्लू नातेवाइकांकडे देणे बरे.

पिल्लू राहणार असे ठरले की पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जंताचे औषध द्यावे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात, पुढच्या तारखा तेथेच लिहून घ्याव्यात. नेताना झाकणाची टोपली किंवा कडीची पिशवी वापरावी. पिल्लू हातात धरून मोटारसायकलवर निघालेले एक तरुण गृहस्थ पशुवैद्याकडे पोचण्याआधी माझ्याकडे आले होते, हॉर्नला घाबरून त्याने त्यांच्या हनुवटीवर पंजा मारला होता. तीन टाके घातले, पण आधी पंधरा मिनिटे धुवायला लावले.